फोटोओळीसाठी केलेली चौकशी

लुईस हाइन हा समाजशास्त्र शिकलेला न्यूयॉर्कचा शिक्षक. १९०८ पासून तो अमेरिकेतल्या, बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी गिरण्या आणि खाणींतून फोटो काढत हिंडला. मालक आत सोडत नसत, मग हा कधी विमा एजंट व्हायचा, कधी बायबल विकणारा. मूल कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की आपल्या कोटाच्या कितव्या बटणापर्यंत त्याचं डोकं येतं हे तो बघून ठेवी, आणि नाव, वय, कामाचे तास खिशातल्या वहीत गुपचूप टिपून घेई. मालकाने उद्या 'हे पोर सोळा वर्षांचं आहे' म्हटलं तर उत्तर तयार हवं! तरी १९१६ चा बालमजुरीविरोधी कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन वर्षांत रद्द केला. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं. एका फोटोने कायदे बदलतात, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

फोटोग्राफीतून राजकीय भान येतं ते माझ्या मते बटण दाबताना नव्हे, फोटोओळ लिहिताना. कोण, कुठे, कुणासाठी राबतंय, हे लिहायचं तर विचारावं लागतं.

मुंबईच्या सफाई कामगारांवरचं सुधारक ओलवे यांचं काम याच कसोटीवर बघावं. वृत्तछायाचित्रकार असलेले ओलवे (२०१६ मध्ये पद्मश्री) कामगारांमागोमाग कचऱ्याच्या गाड्यांवर, मॅनहोलपाशी गेले आणि पुढे त्यांच्या घरांतही. गटारात उतरलेला माणूस दिसला की हातमोजे का नाहीत, हा प्रश्न कुणालाही पडतो. घरात गेलं की प्रश्न अवघड होतात. अनेकांचं घर पालिकेचं, म्हणजे नोकरी गेली की छप्परही जातं. सफाई कामगारांसाठी नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे बापाची नोकरी वारसाला मिळते. ही सोय आधाराची खरी, पण त्याच वाटेने झाडू पुढच्या पिढीच्या हाती येतो. शिकलेला मुलगाही घर वाचवायला हजेरी लावतो. ही माणसं बहुतांश दलितच का, याचं निम्मं उत्तर जातीच्या इतिहासात आहे आणि निम्मं या व्यवस्थेत.

कंत्राटी कामगारांची गोष्ट याहून तिरपागडी. रोज कचरा उचलणाऱ्या कित्येकांना कागदोपत्री 'स्वयंसेवक' आणि त्यांच्या मजुरीला 'मानधन' म्हटलं जाई. फोटोओळीत कामगार लिहायचं की स्वयंसेवक, हा तिथे थेट हक्काचा प्रश्न होता. कचरा वाहतूक श्रमिक संघ तो न्यायालयात वर्षानुवर्षं लढला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्यावर शिक्कामोर्तब केलं. हा विजय संघटनेचा, छायाचित्रांचा नव्हे. पण 'स्वयंसेवक' म्हणवला जाणारा माणूस काय काम करतो, हे छायाचित्रांत कुणालाही दिसत होतं.

धोका मात्र आहेच. चिखलाने माखलेला देह कृष्णधवल फोटोत देखणा दिसतो. प्रदर्शनात आपण हळहळतो, चहा पितो आणि घरी जातो. ज्या चित्राखाली माणसाचं नाव नाही, त्याच्याबद्दल मी साशंक असतो.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे फटाक्यांचा कचरा झाडणारी बाई तुमच्या गल्लीतही येईल. मोबाइल काढण्याआधी तिची परवानगी घ्या. ती नाही म्हणाली तर फोटो राहू द्या. हो म्हणाली तर नाव विचारा, ती कायम आहे की कंत्राटी ते विचारा, पगार कोण देतं तेही. आणि ते सगळं फोटोखाली लिहायला तिची हरकत नसेल, तरच लिहा.