नंदू भेंडे : रॉकला मराठी मंचावर आणणारा गायक

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली-लाखांदूरच्या पट्ट्यात, म्हणजे आमच्या झाडीपट्टीत, मंडईची जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यतींच्या निमित्तानं रात्री नाटकं होतात, त्यांत मी ऑक्टोपॅड वाजवतो. दिवाळीपासून होळीपर्यंत आमचा हंगाम. प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, आणि गाणं पडलं की नाटकही पडलं. म्हणून गाण्याच्या जोरावर मंच पेलणाऱ्यांविषयी मला फार आदर आहे. त्यांत नंदू भेंडे यांचं नाव वरचं. झाडीपट्टीत ते नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, आवाज मात्र ओळखीचा आहे. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मध्ये कृष्णाला धरतीवर बोलावणारं गाणं त्यांचंच. आमच्या वरातींत बँडवाल्यांनी ते वर्षानुवर्षं वाजवलं.

आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या रंगकर्मी जोडप्याचा हा मुलगा इलेक्ट्रिक गिटारच्या नादी लागला. साठच्या दशकात बीटल्स ऐकून मुंबईत पोरांचे बँड उभे राहत होते, 'सॅव्हेजेस' त्यांतला गाजलेला. सिगारेट कंपनीच्या पैशावर 'सिमला बीट' नावाची बँडांची स्पर्धा भरे. १९७० आणि १९७१ मध्ये तिच्या रेकॉर्डीही निघाल्या. नंदू 'सॅव्हेजेस'मध्ये गायले, 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'मध्येही गायले. पण या बँडांची गाणी इंग्रजी, ऐकणारा महानगरातला.

ब्राझीलमध्ये वेगळं घडलं. साओ पाउलोत १९६६ साली आर्नाल्दो आणि सर्जिओ हे भाऊ आणि रिटा ली यांनी 'ओस म्युटांटिस' हा बँड काढला. थोरला भाऊ क्लाउदियो त्यांना घरीच गिटारी बनवून द्यायचा! १९६७ च्या टीव्हीवरच्या स्पर्धेत गायक जिल्बर्टो जिल यांच्यासोबत त्यांनी देशी ताल आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र आणली. देशात लष्करी राजवट होती, आणि ही पोरं स्वतःच्या पोर्तुगीज भाषेत गात होती. म्हणून तो बँड ब्राझीलचा झाला. मुंबईच्या बँडांना आपल्या भाषेची ही वाट सापडली नाही, असं माझं मत आहे.

नंदूंना ती नाटकात सापडली. अलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हा रॉक ऑपेरा मुंबईत केला, त्यात ते ज्युडास झाले. मग १९७८ मध्ये थिएटर अकादमीचं 'तीन पैशाचा तमाशा' आलं. ब्रेख्तच्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ते लिहिलं, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. एकाच मंचावर नाट्यसंगीत, लावणी आणि रॉक. गुंडांचा म्होरक्या अंकुश नंदूंनी उभा केला.

वाजवणारा म्हणून सांगतो, हे सोपं नाही. नाट्यपदात गायक रंगात आला की साथीदार ठेका धरून ठेवतात, आणि तो शब्द मोकळे खेळवत समेवर येतो. रॉकमध्ये ड्रमचा ठोका ती मोकळीक देत नाही. शब्द त्याच्यावर नेमका बसवावा लागतो, तोही शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळेल असा. आज आमच्या नाटकांत ऑर्गनशेजारी ऑक्टोपॅड बसतो, तेव्हा तबल्याची लय आणि हा ठोका जुळवताना मला त्या प्रयोगाचं मोल रोज कळतं.

११ एप्रिल २०१४ रोजी नंदू भेंडे गेले. भंडारा, तुमसर, पवनीत आता पुष्कळ पोट्ट्यांच्या हाती गिटार दिसते. त्यांना माझी विनंती आहे : इंग्रजी गाणी जरूर वाजवा, पण एक गाणं आपल्या झाडीबोलीत बांधा आणि येत्या मंडईत नाटकाआधी म्हणा. साथीला मी बसतो.