प्रलयोत्तर कथेतील पिता आणि पुत्र

प्रलयाची कथा भारतीय मनास नवी नाही. शतपथ ब्राह्मणातील मनू मत्स्याच्या साहाय्याने महापुरातून तरून जातो आणि पाणी ओसरल्यावर उत्तरेकडील पर्वतावरून खाली उतरतो. त्या कथेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : मनूच्या नौकेत पुत्र नाही. संततीची इच्छा त्याच्या मनात उद्भवते ती प्रलयानंतर. मानवजात पुन्हा कशी सुरू झाली, हा त्या जुन्या कथेपुढील प्रश्न होता. आधुनिक कथाकाराने नौकेत पित्याशेजारी पुत्रास आणून बसविले आणि प्रश्नच पालटला. जग बुडाल्यावर या मुलास काय सांगावयाचे, हा तो नवा प्रश्न होय. त्याचाच थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रलयोत्तर कथा म्हणजे महायुद्ध, महामारी किंवा निसर्गाचा कोप यांनी मानवी संस्कृती कोलमडून पडल्यानंतर उरलेल्या थोड्या माणसांची कथा. मेरी शेलीबाईंनी 1826 साली 'द लास्ट मॅन' या कादंबरीत महामारीनंतर एकटाच उरलेला मनुष्य रंगविला. 1945 साली हिरोशिमा आणि नागासाकी येथे अणुबॉम्ब पडल्यावर या कथाप्रकारास विशेष बहर आला. कारण जगाचा अंत ही आता केवळ कविकल्पना राहिली नव्हती. अशा कथेत राज्य, न्यायालय, बाजार, देऊळ आणि शाळा ही सारी नाहीशी झालेली असतात. एरवी मुलास घडविण्याच्या कामी बापास शेजारी, आप्त, गुरुजी आणि ग्रंथ यांचे साहाय्य असते. ही सारी फळी ढासळल्यावर बापालाच गाव व्हावे लागते आणि शाळाही व्हावे लागते. या नात्याची खरी कसोटी तेथे लागते.

आपल्या परंपरेत पिता-पुत्रांच्या ज्या कथा विशेष प्रसिद्ध आहेत, त्यांत देण्याची बाजू बहुधा पुत्राकडे असते. पित्याच्या विवाहासाठी देवव्रत राज्य सोडतो. पित्याच्या भोगतृष्णेसाठी पुरू आपले तारुण्य देतो. वि. स. खांडेकरांनी 'ययाति' (1959) या कादंबरीत ही दुसरी कथा आधुनिक मनाच्या प्रकाशात मांडली, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. प्रलयोत्तर कथेत हा प्रवाह उलटा वाहतो. उरलासुरला घास, उरलेले पांघरूण आणि उरलेले आयुष्यही पिता पुत्रास देतो. तथापि, घास देणे त्यातल्या त्यात सोपे असते. घासाबरोबर आणखी काय द्यावे, येथे त्याची बुद्धी कुंठित होते.

जॉर्ज स्टुअर्ट या अमेरिकन लेखकाची 'अर्थ अबाइड्स' (1949) ही कादंबरी शिक्षकांनी अवश्य वाचावी अशी आहे. महामारीतून वाचलेला इश हा तिचा नायक सुशिक्षित असून विद्यापीठातील विशाल ग्रंथालय पुढील पिढ्यांसाठी टिकावे, ही त्याची तळमळ आहे. तो मुलांसाठी शाळा चालवितो. पण ज्या संस्कृतीची ती पुस्तके आहेत ती मुलांनी पाहिलेलीच नाही, त्यामुळे त्यांचे मन रमत नाही. जोई हा एकच मुलगा वाचनाची गोडी लागलेला निघतो. इशची सारी आशा त्याच्यावर खिळते आणि तोच विषमज्वराने मरण पावतो. तेव्हा इश शाळा बंद करतो आणि मुलांस खेळणे म्हणून धनुष्यबाण करून देतो. मुले ते आनंदाने उचलतात. ग्रंथालय स्वीकारले गेले नाही, धनुष्य स्वीकारले गेले. वारसा देणाऱ्याच्या इच्छेइतकीच घेणाऱ्याची गरजही त्याचे स्वरूप ठरविते, हे कटू सत्य स्टुअर्ट यांनी मोठ्या संयमाने सांगितले आहे.

या नात्याचे सर्वांत उत्कट चित्र कॉर्मॅक मॅकार्थी (1933–2023) यांच्या 'द रोड' (2006) या कादंबरीत आढळते. तिला 2007 साली पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि 2009 साली तिच्यावर चित्रपटही निघाला. लेखकाने ती आपल्या मुलास अर्पण केली आहे. अनर्थाचे कारण कोठेही स्पष्ट केलेले नाही. घड्याळे एका क्षणी थांबली एवढेच आपणांस कळते. सूर्य झाकोळलेला आहे, झाडे मेली आहेत, सर्वत्र राख आहे. मुलगा या अनर्थानंतर जन्मला. आईने निराशेने जीवन संपविले. बाप आणि मुलगा एका हातगाडीत चीजवस्तू घालून दक्षिणेकडे, समुद्राकडे चालले आहेत. दोघांसही नावे नाहीत. नाव हे इतरांनी हाक मारण्यासाठी असते, आणि येथे हाक मारणारे कोणी उरलेलेच नाही.

आपण सज्जनांपैकी आहोत आणि आपण अग्नी वाहून नेत आहोत, असे बापाने मुलास शिकविले आहे. परंतु मुलास जिवंत ठेवण्याच्या भरात बाप स्वतःच हळूहळू कठोर होत जातो. समुद्रकाठी त्यांची गाडी चोरणाऱ्या मनुष्यास तो पकडतो आणि अंगावरील वस्त्रांसह त्याचे सर्व काही काढून घेतो. मुलगा रडून विनवितो. अखेर बाप मागे फिरतो, पण तो मनुष्य सापडत नाही. ते दोघे त्याचे कपडे रस्त्यावर ठेवून परततात. दुसऱ्या एका प्रसंगी मुलगा बापास त्याच्या गोष्टी नकोत असे सांगतो, कारण गोष्टींत आपण इतरांस साहाय्य करतो आणि प्रत्यक्षात करीत नाही. बापाने दिलेली शिकवण पुत्राने बापापेक्षा अधिक खरी मानली आहे. गुरूच्या हातून सुटू लागलेला धडा शिष्य गुरूस परत शिकवीत आहे. शेवटी बाप मरतो आणि मुलगा एका अनोळखी कुटुंबाबरोबर जातो. अनोळखी मनुष्यावर विश्वास टाकणे बापास जमले नव्हते. मुलगा वाचतो तो बापाच्या सावधगिरीमुळे आणि तिच्या पलीकडे जाण्याचे धैर्य त्याच्या अंगी असल्यामुळे.

मराठीत विज्ञानकथेस प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत डॉ. जयंत नारळीकर (1938–2025) अग्रगण्य होते. त्यांनी आपल्या कथेत हिमप्रलयाची कल्पना केली; मात्र तेथे भर आहे तो वैज्ञानिक आणि समाज संकटास कसे तोंड देतात यावर. पिता-पुत्रांचा हा अंतरंग धागा शोधावयाचा तर आम्हांस कल्पित कथा सोडून संतचरित्राकडे वळावे लागते.

1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाने महाराष्ट्राची दाणादाण उडविली. देहूच्या तुकोबांची पहिली पत्नी त्यात गेली, पुत्र संतूही गेला. वडील बोल्होबा आधीच निवर्तले होते. एका घराचे जग बुडाले ते असे. मागे उरला तो वडिलोपार्जित वारसा : एकीकडे कुळांची कर्जखते, दुसरीकडे घराण्यातील विठ्ठलाची उपासना. परंपरा सांगते की तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली आणि पूर्वजांचे पडके देऊळ पुन्हा उभे केले. वारशातील काय टाकावे आणि काय राखावे, याचा इतका स्वच्छ निवाडा आम्हांस अन्यत्र क्वचितच आढळला. पुढे त्यांचे कनिष्ठ पुत्र नारायण हे त्यांच्या प्रयाणानंतर जन्मले. ज्या पित्यास त्यांनी पाहिले नाही त्याच्या पादुका पालखीत घालून पंढरीस नेण्याचा प्रघात त्यांनी 1685 साली सुरू केला, असे मानले जाते. अग्नी वाहून नेणे म्हणजे काय, हे वारकऱ्यास वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

या प्रश्नाचा आम्हां पांढुर्णा-सौंसरच्या लोकांशी निकटचा संबंध आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. 2023 साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. आमच्याकडे अनेक घरांत मराठी आहे, शाळेत आणि कचेरीत हिंदी. हा प्रलय खचित नव्हे, आणि हिंदी ही आमची वैरीण तर मुळीच नव्हे. परंतु पुत्राने न पाहिलेल्या जगाचे शब्द त्यास कसे द्यावेत, ही अडचण आम्हांसही रोजची आहे. 'द रोड'मधील बापास दिसते की वस्तू नाहीशा झाल्या की त्यांची नावेही मागोमाग नाहीशी होतात. आमच्या विहिरींवर पंप आले आणि मोट, नाडा, सोंद, धाव, थारोळे हे शब्द वर्गात अर्थ सांगून शिकविण्याचे झाले. उलट संत्र्याच्या बागेतील आंबिया आणि मृग हे बहार आजही मुलांच्या तोंडी आहेत, कारण ती बाग त्यांच्या डोळ्यांपुढे आहे. गेलेल्या मोटेसाठी अश्रू ढाळून उपयोग नाही. जे शब्द मुलांच्या जगण्यास आजही लागतात, ते त्यांच्या हाती प्रेमाने देणे आपल्या आवाक्यातील आहे. इशच्या धनुष्याचा हाच धडा आहे.

चुलीतील विस्तव रात्री विझू नये म्हणून जुन्या गृहिणी तो राखेखाली झाकून ठेवीत आणि पहाटे फुंकर घालून फुलवीत. मराठीत 'राख' हे नाम आणि 'राखणे' हे क्रियापद एकमेकांच्या इतके जवळ असावे, यात आम्हांस अर्थ दिसतो. राखेने भरलेल्या त्या कादंबरीतील बापाने केले ते याहून निराळे नव्हते. वरच्या वर्गांतील मुलांपुढे ही कथा आणि तुकोबांचे चरित्र शेजारी ठेवावे, आणि घरातून आपणांस काय मिळाले व त्यातील काय आपण पुढे नेणार, हा प्रश्न त्यांच्याच लेखणीस घालावा, अशी आमची शिक्षकबंधूंस आणि भगिनींस विनंती आहे. उत्तरे वाचताना आपणांसही पुष्कळ शिकावयास मिळेल.