पवित्र शास्त्राची कोरी पाने

आमच्या उज्जैनच्या घरात आजीचे पवित्र शास्त्र आहे. सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर तिने जन्म, बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू टिपले आहेत. आजोबा नगरकडून गिरणीच्या कामासाठी इकडे आले तेव्हापासूनच्या या नोंदी. त्यांत आजोबांच्या थोरल्या भावाचीही मुले आहेत. त्या भावाने आजोबांशी बोलणे टाकले होते, तो कधी ख्रिस्ती झाला नाही, तरी त्याच्याकडे मूल झाल्याचे कानावर आले की आजी तारीख लिहून ठेवी. मराठी ख्रिस्ती आठवणींच्या लेखनाचा आढावा घ्यायला बसलो आणि ग्रंथांआधी ही पाने उघडली. गेली चाळीस वर्षे मी एकच सांगत आलो आहे की, आपली ख्रिस्ती आत्मचरित्रे ही आधी घराची पुस्तके आहेत. कोण घर सोडून गेले, कोण कुणासाठी थांबले, याचा तो हिशेब आहे.

फादर स्टीफन्सच्या 1616च्या ख्रिस्तपुराणापासून आरंभ करायची रीत आहे. ती मी मोडतो. थोर काव्य असले तरी त्यात घरच्या आठवणी नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या प्रचारपुस्तिकाही ओलांडून जाऊ. बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी 1857 साली लिहिली आणि ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र 1888 साली. पहिलीची आठवण सगळे काढतात, दुसरे फार थोडे वाचतात.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’बद्दल मात्र भांडायला हवे. पहिला भाग 1934 साली आला, 1936 साली लक्ष्मीबाई गेल्या आणि शेवटचा भाग मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरा केला. आमचे काही समीक्षक त्यातला विनोद आणि वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग उचलतात आणि श्रद्धेची पाने भरभर उलटतात. हा पुस्तकावर अन्याय आहे. लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895चा, लक्ष्मीबाईंचा 1900चा. मधल्या काळातला ताटातुटीचा जाळ हाच त्या पुस्तकाचा गाभा आहे. नवऱ्यावरचे प्रेम आणि देवावरचा विश्वास त्या बाईने एकाच चुलीवर शिजवला. त्यातले एक काढून दुसरे वाढता येत नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. नीळकंठशास्त्री गोरे यांचे नाव महाराष्ट्रात जवळजवळ पुसले गेले आहे. 1825 साली झाशीजवळच्या काशीपुरा गावी चित्पावन घरात जन्म, वाढ बनारसची. जॉन म्यूर यांनी संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती मत मांडले, तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरच्या या शास्त्र्याने संस्कृतातच ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्याचे खंडन केले. मागच्या जन्माचे कर्म मानायचे नसेल तर तान्ह्या लेकरांनी आणि मुक्या जनावरांनी दुःख का भोगावे, हा त्यातला सवाल. मी जन्माने ख्रिस्ती. मलाही तो सवाल आजवर सोडवता आलेला नाही. आणि चारच वर्षांत, मार्च 1848 मध्ये, त्याच गोऱ्यांनी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. नवे नाव नेहेम्या.

‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ छापून आला तो आमच्या उज्जैनमध्ये. सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनी संपादित केला आणि सिंदिया ओरिएंटल इन्स्टिट्यूटने 1951 साली प्रसिद्ध केला. ख्रिस्ती मताविरुद्धचा एका भावी ख्रिस्ती धर्मगुरूचा ग्रंथ महाकाळाच्या नगरीत एका मराठी पंडिताने जपला, याचे मला तरुणपणापासून अप्रूप आहे. पहिल्यांदा तो हाती घेतला तेव्हा संस्कृत अडखळत वाचले आणि घरी येऊन वडिलांना सांगितले. ते म्हणाले, “ज्याने एवढे भांडण केले, त्याचाच विश्वास पक्का.” पुढे कळले की तसेही नव्हते. गोरे जन्मभर शंकांशी झगडले, आणि त्या शंका त्यांनी लपवल्या नाहीत. माझ्या मते हीच त्यांची साक्ष.

बाप्तिस्म्याची किंमत घराने मोजली. 1853 साली बनारसला मुलगी झाली, एलन लक्ष्मी. थोड्याच दिवसांत तिची आई वारली. मुलगी एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज कुटुंबाने सांभाळली. 1857च्या धामधुमीत त्यांचे सर्वस्व गेले. मग एका मिशनरी कुटुंबाने तिला आपली म्हटले आणि 1865 साली इंग्लंडला नेले. 1880 साली ती परतली, ती ख्रिस्ती सेविका म्हणून. तिने इंग्रजीत रचलेले एक भक्तिगीत जगभरच्या मंडळ्यांत गायले जाते. गाणाऱ्यांना ठाऊक नसते की ते एका गोरे घराण्यातल्या मुलीचे आहे. बापलेकीच्या त्या दुराव्यावर मराठीत एक कादंबरीही माझ्या पाहण्यात नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेजला लेक मनोरमासह बाप्तिस्मा घेतला, त्यामागे गोऱ्यांच्या लेखनाचा मोठा हात होता. मनोरमा 1921 साली गेली आणि रमाबाई पुढच्याच वर्षी. अलीकडचे म्हणाल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे ‘नाही मी एकला’ हे आत्मचरित्र जरूर वाचावे. वसईची माती, बोली आणि माणसे त्यात जिवंत आहेत.

उज्जैनमधली स्थिती सांगताना जीव तुटतो. माझ्या लहानपणी ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक घरात रोज उघडले जाई. टिळकांची गीते आई पोळ्या लाटताना म्हणे आणि शेजारच्या देशस्थांच्या काकू ओट्यावरून साथ देत. त्यांचा दिवाळीचा फराळ आमच्याकडे येई, आमच्या नाताळच्या करंज्या त्यांच्याकडे जात. आता आमची उपासना हिंदीत होते. 1977 साली उज्जैनला सिरो-मलबार धर्मप्रांत झाला, केरळच्या लोकांनी इथे शाळा, रुग्णालये उभी केली. त्यांच्या श्रमाला माझा प्रणाम. पण मराठी गीत आता आम्ही फक्त मातीच्या वेळी म्हणतो. नातवाला देवनागरी येते, खापरपणजीचे अक्षर मात्र लागत नाही. मागच्या पावसाळ्यात त्या पानांना ओल लागली. आजोबांच्या थोरल्या भावाच्या धाकट्या मुलीचे नाव निम्मे पुसले, आणि ते पूर्ण सांगू शकेल असे कुणी उरलेले नाही.

इंदूर, देवास, ग्वाल्हेर, नगर, जालना, जिथे कुठे आपल्या घरी अशी पाने असतील तिथे ती या नाताळाआधी उतरवून घ्या. ज्यांनी तुमच्याशी बोलणे टाकले त्यांचीही नावे लिहा.