गाडी घरी रंगवताय? आधी छातीचा विचार करा

आमच्या कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या आवारात एक तरुण वडिलांची फियाट स्वतः रंगवणार आहे. वॉटर पेपर, लांबी, प्रायमर, थिनर, भाड्याचा कॉम्प्रेसर अशी सगळी जमवाजमव झाली. ‘डॉक्टर, तोंडाला रुमाल बांधला की झालं ना?’ असे त्याने मला विचारले.

नाही. रुमालाने जाडी धूळ तेवढी अडते. थिनरमधल्या टोल्युइन, झायलीनची वाफ त्यातून आरपार जाते. डोके दुखते, गरगरते, मळमळते. एन-९५ मास्कही धुळीपुरताच. वाफेसाठी कोळशाच्या डब्या असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो.

पहिले काम घासण्याचे. जुन्या रंगात, विशेषतः पिवळ्या-लाल छटांत, शिसे असू शकते. आपल्याकडे २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली ती घरगुती व सजावटीच्या रंगांना, गाडीच्या नव्हे. म्हणून कोरडे घासू नये, पाणी लावून घासावे. गाळ वाळण्याआधी पुसून घ्यावा, ते कपडे वेगळे धुवावेत. मुलांना आणि गरोदर बाईला तिकडे फिरकू देऊ नये. काम झाल्यावर गूळ खाल्ला की छाती साफ होते, असे पुष्कळजण मानतात. गूळ पोटात जातो, फुप्फुसात नाही!

खरी भीती हार्डनर मिसळायच्या रंगाची. चकाकी सुंदर येते, पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. भोपाळला डिसेंबर १९८४ मध्ये सुटलेला वायू याच कुळातला. हार्डनरमधला प्रकार तसा सहज उडत नाही, मात्र फवारला की त्याचे तुषार श्वासात जातात. वास येईपर्यंत अपाय होऊन गेलेला असू शकतो. यातून दमा जडतो, आणि एकदा शरीराला त्याचे वावडे झाले की पुढे अगदी थोड्या अंशानेही धाप लागते. कारखान्यात असा रंग मारणाऱ्याला बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवतात. आपल्या आवारात ते कुठून आणणार? माझे स्पष्ट मत, हा रंग घरी मारूच नये. घासणे, लांबी भरणे घरी करा, फवारणी रंगाऱ्याच्या बंद खोलीत करून घ्या.

साधा ड्युको घरी मारायचा तरी मोकळी जागा हवी. पेठेतले चौक चारी बाजूंनी बंद. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत जाते. तुळशीपुढचा दिवा किंवा शेजारचा गॅस गिझर तिला पुरतो. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

हात थिनरने धुऊ नका. खोबरेल तेल चोळून साबण लावा. थिनर नळीने तोंडाने ओढू नका. चुकून पोटात गेलेच तर उलटी काढू नये, ती फुप्फुसात उतरते. डोळ्यात उडाले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरावा. रंगकाम झाल्यावर रात्री उशिरा खोकला आला, छाती आवळली, तर सकाळची वाट पाहू नका; डबा बरोबर घेऊन डॉक्टर गाठा.