घसरतंय काय, पट्टा की क्लच?

गेल्या आषाढात बाबांचा फोन आला तो भर पावसात, बांधावरूनच. "टिलर ओढंना झालाय. इंजिन ओरडतंय, चाकं जाग्यावर." खानापूर तालुक्यात भातशेती असणाऱ्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. तरवा लावणीला आलेला, दुसऱ्या दिवशी लावणीसाठी बायका सांगून ठेवलेल्या आणि चिखल अर्ध्यावर. मी बेंगळूरला, लॅपटॉपसमोर. "क्लचप्लेटा गेल्या असतील," मी तिथूनच निदान केलं. बीई झालेला मुलगा सांगतोय म्हटल्यावर बाबांनी प्लेटा मागवल्या.

प्लेटा येऊन बसेपर्यंत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. शनिवारी मी घरी पोचलो तेव्हा मेस्त्री टिलरपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पुली तापते काय, कुणी बघितलंय?" कुणीच बघितलं नव्हतं.

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या गावच्या घरी असा जुना पॉवर टिलर शेडमध्ये उभा असतो. आपण सुट्टीला जातो, फोटो काढतो आणि दुरुस्ती बाबा-काकांवर सोडतो. खरं तर त्याची रचना साधी आहे. इंजिनाच्या पुलीवरून व्ही आकाराचे पट्टे क्लचच्या पुलीवर जातात. त्या पुलीच्या पोटात क्लचच्या प्लेटा असतात आणि पुढे गिअरबॉक्स, मग चाकं. इंजिन जोरात आणि चाकं थंड, याचा अर्थ मधे कुठेतरी घसरतंय. पट्टा पुलीवर घसरत असेल, नाहीतर प्लेटा एकमेकींवर.

दोन्हींतला फरक ओळखायला काही उघडावं लागत नाही. पट्टा घसरत असेल तर लोड येताच किंचाळतो आणि जळक्या रबराचा वास येतो. इंजिन बंद करून लगेच हात पुलीजवळ धरला (टेकवायचा नाही!) तर धग लागते. क्लच घसरत असेल तर वास वेगळा असतो. चोर्ला घाट उतरणाऱ्या लोड ट्रकच्या मागे येतो ना, तसला. आमच्याकडे पट्ट्यांचं कव्हर काढलं तेव्हा पुलीवर हात धरवेना. नव्या प्लेटांना पट्ट्यांच्या तिप्पट पैसे मोजले होते, आणि काढलेल्या जुन्या प्लेटा अजून चांगल्या जाड होत्या.

मग मेस्त्रींनी पट्ट्यांकडे बोट दाखवलं. तीन पट्टे, त्यातला एक नवा. तो मीच बसवलेला, आदल्या दिवाळीत. एक तुटला होता, मी एकच आणला. बाकीचे दोन दिसायला बरे होते, उगाच खर्च कशाला! चूक नेमकी तिथे झाली. जुने पट्टे वापरून ताणलेले असतात, नवा आखूड. मग सगळा भार एकटा नवा घेतो आणि जुने नुसते सोबतीला फिरतात. वर्षभरात नव्याच्याही बाजू झिजल्या, काचेसारख्या चकचकीत झाल्या. पट्टे बदलायचे तर सगळे एकदम, एकाच कंपनीचे आणि एकाच नंबरचे.

व्ही पट्टा पकड घेतो ती दोन्ही बाजूंनी, खाचेत पाचर बसावी तसा. तळाशी टेकला की पकड संपली. म्हणून पुलीच्या खाचेचा तळ घासून चमकत असेल तर पट्टा नाहीतर पुली झिजली म्हणून समजा. पट्ट्यावर राळ किंवा साबण लावायची जुनी सवय अनेकांना आहे. त्याने दोन तास निभतात, पुढे चिखल आणि धूळ चिकटून आणखी वाट लागते. तेल तर त्याहून वाईट, रबर फुगतं.

नवे पट्टे घालताना स्क्रूड्रायव्हरने उचकटून चढवू नयेत. आतले दोरे तुटतात, वरून काही दिसत नाही आणि महिन्याभरात पट्टा जातो. आधी इंजिनाचे बोल्ट किंवा ताणाची पुली ढिली करायची, पट्टे हाताने चढवायचे आणि मग ताण द्यायचा. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत ना, हे सुतळी धरून बघायचं. ताण किती? ढोबळ हिशेब असा, की दोन पुल्यांमधलं अंतर एक मीटर असेल तर मधोमध दाबल्यावर पट्टा साधारण १६ मिलिमीटर खाली जावा. अर्धा मीटर असेल तर ८. जास्त ओढला तर बेअरिंग रडतं. नवा पट्टा पहिल्या काही तासांत थोडा सैल होतो, तेव्हा पुन्हा एकदा ओढायला लागतोच. आम्ही रविवारी संध्याकाळी ओढला आणि सोमवारी चिखल पुरा झाला. लावणीला चार दिवस उशीर. शेजारच्या काकांनी बायका आधी त्यांच्याकडे वळवून घेतल्या म्हणून निभलं, नाहीतर मजुरी अंगावर आली असती.

क्लचचं म्हणाल तर मुख्य काम लिव्हरच्या प्लेचं. लिव्हरला थोडी रिकामी हालचाल हवीच. ती संपली की प्लेटा कधीच पुऱ्या दाबल्या जात नाहीत आणि नव्या असल्या तरी घसरतात. तो मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा हिशेब यंत्रासोबतच्या पुस्तकात असतो. वळणावर लिव्हर अर्धवट ओढून चालवायची बाबांची सवय मात्र मी अजून मोडू शकलेलो नाही. प्लेटांवर तेल दिसलं तर नुसतं पुसून भागत नाही, गिअरबॉक्सचं ऑइल सील बघावं लागतं.

लहान वीडर घेतलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत क्लच म्हणून वेगळं काही नसतंच. लिव्हर दाबली की एक रोलर पट्टा ताणतो, सोडली की पट्टा सैल. तिथे पट्टा हाच क्लच, त्यामुळे केबल सैल झाली तरी पट्टा जळतो.

कव्हर काढून इंजिन चालू करायचं नाही. बाबांच्या डाव्या हाताच्या तर्जनीला पहिलं पेर नाही. पाण्याच्या इंजिनाच्या पट्ट्यात गेलं, मी तेव्हा तिसरीत होतो. "नुसता बघत होतो," एवढंच ते सांगतात. ताण बघायचा तर इंजिन बंद करून, तेही पूर्ण थांबल्यावर.

सुगी संपल्यावर टिलर शेडमध्ये लावताना आता क्लच लिव्हर 'ऑफ'ला अडकवून ठेवतो. आमच्याकडच्या ओलाव्यात प्लेटा गंजून एकमेकींना चिकटतात, म्हणून. उतरवलेले तीन पट्टे पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. त्यातला दिवाळीचा पट्टा बाबा कुणालाही दाखवतात.