आकाशपाळणा

बीड शहर सोडून सोलापूरच्या वाटेने दक्षिणेकडे निघाले, की थोड्याच वेळात बालाघाटाचा चढ लागतो. याच डोंगररांगेत मांजरसुंब्याजवळ कपिलधार हे स्थान आहे. वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी येथे असून त्यांचा ‘परमरहस्य’ हा मराठी ग्रंथ आजही गावोगावी भक्तिभावाने वाचला जातो. समाधिस्थानाजवळच पावसाळ्यात कड्यावरून पाण्याची धार खाली कोसळते.

कपिलधारला वर्षातून दोन वेळा गर्दी होते. पहिली पावसाळ्यात. बीड जिल्ह्यात पाऊस बेताचाच. अनेक गावांत उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. अशा मुलखात उंचावरून पाणी पडताना पाहावयास मिळणे हा एक सोहळाच असतो. धार वाहू लागल्याचे कळले, की भाकरीची गाठोडी बांधून कुटुंबेच्या कुटुंबे तेथे येतात. दुसरी गर्दी कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेची. त्या वेळी मराठवाड्यातून आणि कर्नाटकाच्या सीमेकडील गावांतूनही दिंड्या पायी चालत येतात. भजन, कीर्तन, समाधीचे दर्शन हे यात्रेचे मुख्य अंग. पण यात्रा म्हटली म्हणजे बत्तासे-रेवड्यांची दुकाने, शिट्ट्या, भिंगऱ्या आणि पाळणे यांवाचून ती मुलांना पुरी वाटत नाही.

धबधब्यापाशी काय किंवा पाळण्यापाशी काय, मुले शोधीत असतात ती एकच गोष्ट. पोटात गोळा उठावा, क्षणभर श्वास अडकावा आणि लगेच सुटल्यासारखे वाटून हसू यावे, हीच ती गंमत. तथापि या दोन ठिकाणांच्या भीतीत मोठा फरक आहे. पाळण्याची भीती माणसाने मोजूनमापून तयार केलेली असते. धबधब्याची भीती कोणी मोजलेली नसते.

बालाघाटाचा खडक काळा आणि टणक. त्यावरून पाणी वाहू लागले, की हिरवट शेवाळ धरते आणि दगड साबणासारखा निसरडा होतो. धारेखालच्या कुंडाची खोली वरून कळत नाही. गढूळ पाण्यात तर मुळीच नाही. शिवाय एक धोका असा आहे, की तो डोळ्यांना दिसतच नाही. धबधब्याचे पाणी वरच्या पठारावरून येते. खाली लख्ख ऊन पडलेले असावे आणि वर दूर कोठे जोराची सर कोसळून गेलेली असावी, असे पुष्कळदा घडते. मग काही मिनिटांत लोंढा येतो. पाण्याचा रंग बदलून ते मातकट होणे, त्यात काटक्या व पाने वाहत येणे, आवाज एकाएकी वाढणे या त्याच्या खुणा होत. त्यांतील एक जरी दिसली तरी पाण्यातून तत्काळ बाहेर पडावे, हे डोंगराकडेला राहणाऱ्या माणसांना ठाऊक असते. शहरातून आलेल्या पाहुण्यांना पुष्कळदा ते ठाऊक नसते.

यात्रेतील पाळण्याजवळ मात्र एक माणूस उभा असतो. भीती किती द्यावयाची आणि कोठे थांबवावयाची, हे त्याच्या हाती असते.

माणसाला फिरत्या चाकावर बसून वर जाण्याची हौस फार जुनी आहे. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६२० साली तुर्की साम्राज्यातील एका गावी, म्हणजे आजच्या बल्गेरियातील प्लोवदिव्ह येथे, उभ्या चाकावर बसून फिरणारी माणसे पाहिली व त्याचे वर्णन लिहून ठेवले. त्या काळी ही चाके लाकडी असत आणि माणसेच ती हातांनी फिरवीत. आपल्याकडेही चार पेट्यांचा लाकडी रहाटपाळणा हाताने ओढून फिरविण्याची रीत होती. पोलादाचे पहिले प्रचंड चाक उभे राहिले ते अमेरिकेतील शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात, १८९३ साली. पॅरिस येथे १८८९ साली आयफेल मनोरा उभा राहिला होता. त्याच्या तोडीचे काहीतरी अमेरिकेतही असावे, अशी प्रदर्शनाच्या चालकांची इच्छा होती. जॉर्ज फेरिस या अभियंत्याने ती पुरी केली. त्याचे चाक सुमारे ८० मीटर उंच होते. त्याला ३६ डबे होते आणि प्रत्येक डब्यात ६० माणसे मावत. म्हणजे दोन हजारांहून अधिक माणसे एकाच वेळी आकाशात! १९०६ साली ते चाक मोडून टाकण्यात आले. परंतु जत्रेतला प्रत्येक आकाशपाळणा त्याचाच लहान भाऊ शोभतो.

पाळण्याची रचना वरवर पाहता अगदी साधी वाटते. दोन्ही बाजूंना लोखंडी पाय, त्यांवर आडवा आस, आसाभोवती आऱ्यांचे मोठे चाक आणि चाकाच्या कडेला टांगलेल्या बैठका. चाक फिरते ते विजेच्या मोटारीने किंवा तेलाच्या इंजिनाने. बैठका मात्र चाकाला घट्ट बसविलेल्या नसतात. त्या वरच्या खिळीवर लोंबत असतात. कंदील हाती धरून हात कसाही हलविला तरी कंदील सरळच लोंबतो. त्याचे सारे वजन कडीच्या खाली असते, म्हणून असे होते. बैठकीचेही तसेच आहे. चाक फिरले तरी बसणाऱ्याचे डोके वरच राहते. पण बैठकीत कोणी उभा राहिला, तर वजन वर सरकते आणि बैठक कलंडू पाहते. ‘उभे राहू नका’ असे पाळणेवाला ओरडतो तेव्हा तो उगाच दरडावीत नसतो.

पाळण्यासाठी जमीनही पारखावी लागते. मराठवाड्यातील काळी माती कोरडी असताना टणक दिसते. पण ओली झाली, की तीच वजनाखाली खचते. एक पाय दोन बोटे खचला, तरी सारे चाक एका बाजूस कलते. म्हणून जाणता मालक मुरमाड जागा शोधतो, पायांखाली जाड फळ्या घालतो आणि पाणसळीने पातळी पाहतो. पाळणा उभारण्यास परवानगी लागते ती याचसाठी. पण कागदावरच्या शिक्क्याने जमीन खचावयाची थांबत नाही. ती रोज सकाळी पाहावीच लागते.

आता माणसे बसू लागतात. एक आजी नातवंडांना बैठकीत बसवून खाली उभी राहते.

“कडी लागली का रे, बाबा?” ती विचारते.

“लागली, आजी. तुम्ही निर्धास्त राहा,” असे म्हणत पाळणेवाला आडवी दांडी पुन्हा एकदा ओढून पाहतो.

त्याच्या शब्दांपेक्षा ते ओढून पाहणे अधिक मोलाचे आहे. ज्या पाळण्यावर कोणी दांडी ओढून पाहत नाही, त्या पाळण्यावर न बसलेले बरे.

एक बैठक भरली, की तो लगेच शेजारची बैठक भरीत नाही. चाक अर्धे फिरवून तो समोरची बैठक खाली आणतो आणि तीत माणसे बसवितो. रांगेतील माणसांना वाटते, की हा उगाच वेळ काढतो आहे. पण चाक हा एक मोठा तराजूच असतो. एका बाजूस चार धिप्पाड माणसे आणि दुसऱ्या बाजूस रिकाम्या बैठका, असे झाले तर जड बाजू आपणहून खाली धावेल व वर चढताना अडेल. इंजिनावर ताण पडेल आणि चाक हव्या त्या जागी थांबणार नाही. म्हणून चाक नेहमी समोरासमोर भरावे लागते व तसेच रिकामेही करावे लागते. अनुभवी पाळणेवाला माणसाकडे नुसते पाहून त्याचे वजन ताडतो. ही विद्या तो कोणत्याही शाळेत शिकलेला नसतो.

चाक फिरू लागते आणि पोटात गोळा उठतो. तो का उठतो?

वर्तुळात फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूचा कल सरळ जाण्याकडे असतो. तिला वळविण्यासाठी मध्याकडे सतत ओढावे लागते. बैठक चाकाच्या माथ्यावर असते तेव्हा मध्य खाली असतो. तेथे पृथ्वीच्या ओढीचा काही भाग शरीराला वळविण्यातच खर्च होतो. त्यामुळे शरीर बैठकीवर कमी दाबते व हलके वाटते. तळाशी याच्या उलट घडते. तेथे बैठकीला शरीर पेलावे लागते आणि वरच्या दिशेने वळवावेही लागते. म्हणून ते जड वाटते. समजा, बैठक आसापासून ६ मीटर अंतरावर आहे आणि चाकाचा एक फेरा १० सेकंदांत होतो. ४० किलो वजनाचा मुलगा वजनकाट्यावर बसून फिरला, तर माथ्यावर काटा सुमारे ३० किलो दाखवील आणि तळाशी सुमारे ५०. पोटातील आतडीही शरीराबरोबरच हलकी होतात. माथ्यावरून उतरू लागताना जो गोळा जाणवतो, तो हाच.

“जोरात! आणखी जोरात!” अशी मुले ओरडतात. वेग दुप्पट केला, तर वळविण्यास लागणारी ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. वर सांगितलेल्या पाळण्याचा फेरा ५ सेकंदांत झाला, तर माथ्यावर त्या मुलाचे वजन जवळजवळ नाहीसेच होईल. काटा सुमारे १ किलो दाखवील! मग त्याला बैठकीत धरून ठेवण्यास एक दांडीच काय ती उरेल. मुलांचा आग्रह पाळणेवाल्याने हसून नाकारावा, हेच योग्य.

घोड्यांची चक्री आडवी फिरते. तिच्यावर बाहेरच्या रांगेतील घोडा आतल्यापेक्षा जोरात धावतो. मध्यापासून २ मीटरवरचा घोडा एका फेऱ्यात सुमारे साडेबारा मीटर जातो. ४ मीटरवरचा घोडा तेवढ्याच वेळात २५ मीटर. म्हणून अगदी लहान मुलांना आतल्या घोड्यावर बसवितात. चक्री थांबल्यावरही जग फिरतच राहते, याचे कारण कानात आहे. अंतर्कर्णातील वाकड्या नलिकांमध्ये द्रव असतो. शरीर थांबले तरी तो द्रव काही क्षण हलत राहतो आणि मेंदूस खोटी वर्दी देतो. अशा वेळी उतरून लगेच पळू नये. दोन मिनिटे खाली बसावे.

यात्रेतील सर्वांत अवघड खेळ म्हणजे ‘मौत का कुआँ’. त्यात लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरते. वेग असतो तोवर भिंत चाकांना आत लोटते आणि त्या दाबामुळे उत्पन्न होणारे घर्षण गाडीला खाली घसरू देत नाही. वेग मंदावला, की घर्षण अपुरे पडते. येथे भीती प्रेक्षकांची नसते. ती स्वाराची असते, आणि तिकिटाच्या पैशांत ती विकत घेता येते, ही गोष्ट जरा विचार करण्याजोगी आहे.

मोठ्या शहरांजवळ अशा खेळांची कायमची उद्याने झाली. मुंबईतील गोराई येथे १९८९ साली ‘एस्सेलवर्ल्ड’ सुरू झाले. २०२२ साली ते बंद पडले. खोपोलीजवळ २०१३ साली ‘इमॅजिका’ उघडले. तेथील यंत्रे मोठी असतात आणि पाया काँक्रीटचा असतो. यात्रेतील पाळण्याला असा कायमचा पाया कधीच मिळत नाही. त्याला प्रत्येक गावी नव्याने उभे राहावे लागते.

यात्रा पांगली, की पाळणेवाले चाक उतरविण्यास लागतात. आधी बैठका निघतात, मग समोरासमोरचे आरे, मग आस. चाक भरताना जो तोल सांभाळावयाचा, तोच ते उतरवितानाही. काढलेला प्रत्येक नट-बोल्ट पुसून, तेल लावून पेटीत टाकतात. ज्याचे आटे झिजले असतील, तो वेगळा काढतात. नीटनेटका मालक बोल्टांची मोजदाद स्वतः करतो. एक जरी कमी भरला, तरी कंदील घेऊन मातीत शोधावयास लावतो. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, संक्रांतीला सोलापूरला सिद्धेश्वराची. मालमोटारीत आरे रचले जातात, वरून दोर आवळले जातात आणि पेटी मालकाच्या पायांशी ठेवली जाते.