नाशिकच्या ट्रामचा इंजिनिअर

नाशिकला ट्राम होती, हे नाशिककरांना सांगावे लागत नाही. मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत आठ-दहा किलोमीटरचे रूळ, दोन डबे आणि ते ओढणारे चार घोडे, हे वर्णन घरोघरी ऐकलेले असते. माझेही कुतूहल बरीच वर्षे त्या घोड्यांपाशीच अडकले होते. पुढे ते रुळांच्या रुंदीकडे वळले आणि त्या रुंदीने मला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या माणसापर्यंत नेले.

जीआयपी रेल्वेने नाशिकचे स्टेशन गावापासून दूर बांधले. गोदाकाठी येणाऱ्या यात्रेकरूला गाडीतून उतरल्यावर टांग्याशिवाय गती नव्हती. १८८९ च्या सुमारास इथे ट्राम आली ती या गरजेतून. तिचे सल्लागार इंजिनिअर होते कॅलथ्रॉप, आणि रुळांमधले अंतर होते अडीच फूट.

कॅलथ्रॉप १८८२ मध्ये जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आले. मोठ्या लोहमार्गाला गावे जोडणाऱ्या स्वस्त फाट्यांचा ध्यास त्यांनी घेतला आणि त्यापायी पुढे रेल्वेची नोकरीही सोडली. अरुंद रूळ म्हणजे कमी प्रतीची रेल्वे, हा तेव्हाचा पक्का समज त्यांना मान्य नव्हता. इंजिन असो वा वाघीण, प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्यांचे सूत्र. भार असा सारखा वाटला की हलक्या, स्वस्त रुळांवरूनही जड माल नेता येतो. १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली आणि हे सूत्र सिद्ध झाले. ही रेल्वेही अडीच फुटीच. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिने विठ्ठलाच्या पायाशी नेऊन सोडल्या. नाशिकची ट्राम आपण गंमत म्हणून आठवतो. माझ्या मते ती बार्शी लाईटची थोरली बहीण आहे आणि तिचे खरे मोल तिथेच आहे.

हाच अडीच फुटी रूळ कॅलथ्रॉपनी नंतर इंग्लंडात नेला. स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली. बार्शीच्या वळणावर बनवलेल्या तिच्या इंजिनांना आपल्याकडच्यासारखे भलेमोठे दिवे होते. डबे फिकट पिवळ्या रंगाचे होते. १९२३ मध्ये रेल्वे कंपन्यांचे एकत्रीकरण झाले, मालक बदलले आणि पुढे त्या पिवळ्यावर नव्या कंपनीचा गडद किरमिजी रंग चढला.

या माणसाने आणखी दोन गोष्टी केल्या, आणि त्यांनीच मला सर्वांत जास्त बांधून ठेवले. १९१० मध्ये त्यांचे मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइसमधले रोल्स, विमान कोसळून मरण पावले. कॅलथ्रॉप हवाई छत्रीच्या मागे लागले आणि ‘गार्डियन एंजल’ नावाची छत्री त्यांनी तयार केली. १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून ती घेऊन उडी मारून दाखवण्यात आली. तरीही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना छत्री मिळाली नाही. शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला मात्र हीच छत्री चालली. वैमानिकांना छत्री न देण्याच्या निर्णयाने किती तरुण हकनाक गेले असतील, या विचाराने आजही संताप येतो.

दुसरी गोष्ट घोड्यांची. कॅलथ्रॉप अरबी घोड्यांची पैदास करत. १९२० मध्ये त्यांनी घोड्याला सोबती आणि मित्र मानणारे पुस्तक लिहिले. मारझोड न करता, विश्वास मिळवून घोडा शिकवावा, असे ते सांगत. ज्यांची पहिली ट्राम घोड्यांनी ओढली, त्यांच्या हातून हे पुस्तक लिहिले गेले, याचे मला फार अप्रूप वाटते. १९२७ मध्ये ते गेले.

नाशिकच्या ट्रामला पुढे पेट्रोलवर चालणारे इंजिन लागले. कलेक्टर जॅक्सनचा वध, फाळक्यांचे चित्रपट, काळाराम मंदिराचा सत्याग्रह हे सगळे घडले तेव्हा गावात ट्राम होती. १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ती बंद पडली. प्लेग आणि दुष्काळाने आलेला तोटा हे कारण नेहमी सांगितले जाते, पण मला ते अपुरे वाटते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आणि त्याच काळातला प्लेग सोसूनही ट्राम तीस वर्षे चालली होती. तिला संपवले ते सडकेवरच्या मोटारीने. इंग्लंडातली लीक अँड मॅनिफोल्डही मोटारींच्या स्पर्धेतच खचली आणि १९३४ मध्ये बंद झाली.

२०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. रबरी टायरवर चालणाऱ्या त्या गाडीच्या आराखड्यांइतकीच आस्था पहिल्या ट्रामच्या कागदांबद्दलही असायला हवी. जुन्या नाशिककरांना माझी विनंती आहे: घरातल्या ट्रंकेत ट्रामचे तिकीट, पास किंवा एखादा फोटो सापडला, तर तो रद्दीत जाऊ देऊ नका. १८४० पासून गावाचे ग्रंथ सांभाळणाऱ्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाकडे तो नेऊन द्या.